ईस्टरचे फोटो: आधी अंधार टिपा, मग उजेड

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: ईस्टरच्या सुट्टीत दरवर्षी तेच ते फोटो निघतात. टोपलीतली रंगीत अंडी, सशाचे कान लावलेली मुलं, चर्चच्या दारात ओळीनं उभं राहिलेलं कुटुंब. हाताशी एक फोन आहे आणि ५० मिमी एफ/१.८ लेन्स लावलेला जुना डीएसएलआर. नवीन काही विकत घ्यायचं नाही. मग या वर्षी वेगळं काय करता येईल?

ईस्टरच्या दिवसांत मी बरीच वर्षं फोटो काढत आलोय, चर्चमध्येही आणि लोकांच्या घरांतही. माझ्या मते तुमची अडचण कॅमेऱ्याची नाही, सजावटीचीही नाही. तुम्ही फक्त रविवारचे फोटो काढता, म्हणून ते एकसारखे दिसतात. ईस्टर एका दिवसात उरकत नाही. गुरुवारच्या संध्याकाळपासून रविवारच्या सकाळपर्यंत उजेड बदलत जातो, आणि हा बदल विधींनी जाणूनबुजून घडवलेला आहे. गुरुवारी रात्री वेदीवरची वस्त्रं काढून घेतात. शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, वेदी उघडी असते, घंटा वाजत नाहीत, पुष्कळ चर्चमध्ये क्रूस आणि मूर्ती कापडानं झाकलेल्या असतात. शनिवारी रात्री काळोखात विस्तव पेटतो. रविवारी पांढरा आणि सोनेरी रंग, फुलं, सगळे दिवे. हा प्रवास टिपायचा ठरवलात की काय काढायचं हा प्रश्न उरत नाही. कुठे उभं राहायचं एवढंच ठरवावं लागतं.

सर्वांत सोपा आणि हमखास जमणारा प्रयोग जोडचित्राचा. एक जागा निवडा. चर्चमध्ये वेदीसमोरची मधली वाट घ्या, घरी जेवणाचं टेबल किंवा खिडकीजवळची खुर्ची घ्या. शुक्रवारी दुपारी तिथून एक फोटो काढा आणि रविवारी त्याच ठिकाणाहून, त्याच उंचीवरून, त्याच लेन्सनं दुसरा. पाय कुठे होते ते लक्षात राहावं म्हणून फरशीचा एखादा सांधा हेरून ठेवा आणि पहिला फोटो फोनवर उघडून दुसऱ्याची चौकट जुळवा. शुक्रवारच्या फोटोत रिकामेपण दिसू द्या. अर्धी चौकट नुसती भिंत असली तरी चालेल. शुक्रवारचे फोटो सरसकट कृष्णधवल करण्याची पद्धत मला पटत नाही. झाकलेल्या क्रूसाचा जांभळा रंग आणि उघड्या वेदीच्या दगडाचा किंवा लाकडाचा रंग, यांतच त्या दिवसाचं गांभीर्य आहे. तो काढून टाकला तर रविवारचं सोनेरी कशाच्या शेजारी ठेवणार?

आता शनिवारची रात्र. ईस्टरचा जागरण विधी हा माझ्या मते फोटोसाठी वर्षभरातला सर्वांत समृद्ध प्रसंग आहे, आणि घाई केल्यामुळे सर्वांत जास्त फोटो वाया जातात तेही इथेच. कॅथलिक पद्धतीत तो अंधार पडल्यावर सुरू होतो. चर्चबाहेर नवा अग्नी पेटवतात आणि त्यावरून पास्काची, म्हणजे ईस्टरची, मोठी मेणबत्ती लावतात. या मेणबत्तीवर क्रूस, अल्फा आणि ओमेगा ही ग्रीक अक्षरं आणि चालू वर्षाचे चार आकडे असतात, धुपाचे पाच खडेही बसवतात. त्या आकड्यांचा जवळून घेतलेला फोटो तुमच्या अल्बमवर आपोआप साल घालतो. मग ही मेणबत्ती काळोख्या चर्चमध्ये नेतात. वाटेत तीनदा थांबून ‘ख्रिस्ताचा प्रकाश’ असं गायलं जातं. दुसऱ्या थांब्यानंतर लोकांच्या हातांतल्या मेणबत्त्या एकीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी अशा पेटत जातात. तिसऱ्या थांब्यानंतर दिवे लागतात. काही ठिकाणी ते आणखी उशिरा लावतात, म्हणून फादरना आधीच विचारून घ्या. फोटो काढायची परवानगीही त्याच वेळी मागा.

म्हणजे तुमच्या हातात खरा अंधार काही मिनिटंच असतो. त्या वेळात मोठ्या मेणबत्तीच्या मागे धावू नका. तिचे फोटो सगळेच काढतात आणि त्यांत बहुतेक वेळा पुढच्या माणसाचं डोकं येतं. त्याऐवजी एका बाकावर नजर ठेवा, जिथे ज्योत आजीच्या हातून नातवाच्या मेणबत्तीकडे जाणार आहे. दोन वाती टेकतात तो क्षण हवा. टेकण्याच्या आधी दोघांचंही लक्ष वातीवर असतं, आणि वात पेटल्यावर धाकट्याचा चेहरा अचानक उजळतो. हा दुसरा क्षण बहुतेकांच्या हातून सुटतो, कारण तोवर त्यांनी कॅमेरा खाली केलेला असतो.

मेणबत्तीच्या उजेडाचा एक नियम लक्षात ठेवला तर पुष्कळ कामं सोपी होतात. अंतर निम्मं झालं की उजेड चौपट होतो. ज्योत चेहऱ्यापासून ६० सेंमीवर असताना जेवढा प्रकाश पडतो, त्याच्या चौपट ३० सेंमीवर पडतो. म्हणून मुलांना घरीच सांगून ठेवा की मेणबत्ती छातीपाशी, सरळ आणि केसांपासून लांब धरायची. विधी चालू असताना कुणाला काही सांगायला जाऊ नका. सेटिंगची सुरुवात एफ/२ (लेन्सचं भोक किती उघडं ते), शटर १/१०० सेकंद आणि आयएसओ (उजेडाबाबतची संवेदनशीलता) १६०० ते ३२०० अशी करा. एक्स्पोजर, म्हणजे फोटो किती उजळ यायचा ते, चेहऱ्यावरून ठरवा. ज्योत पांढरी पडली तर पडू द्या. दाणेदारपणाला घाबरून आयएसओ कमी ठेवू नका. काळा निघालेला फोटो नंतर उजळवला की दाणे अधिकच वाईट दिसतात. तुमच्या जुन्या कॅमेऱ्यात छोटा एपीएस-सी सेन्सर असेल तर ५० मिमी लेन्स ७५ ते ८० मिमीसारखी चौकट देते. बाजूच्या बाकावरून एक चेहरा आणि एक ज्योत टिपायला ती अगदी योग्य.

मेणबत्तीच्या उजेडाचं तापमान साधारण १९०० केल्विन असतं, म्हणजे तो फार तांबडा. ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्यानं आपोआप केलेला रंगांचा मेळ, कधी ती ऊब घालवून टाकतो, कधी दोन सलग फोटोंना दोन रंग देतो. तो ३००० केल्विनच्या आसपास स्थिर ठेवा आणि रॉ फाइल घ्या, म्हणजे रंग नंतरही सुधारता येतात. फ्लॅश बंद ठेवा, फोकससाठी कॅमेरा पुढे जो लाल-पांढरा दिवा फेकतो तोही बंद करा आणि मागच्या पडद्याची चमक अगदी कमी करा. काळोखात एक झगमगता पडदा मागच्या चार रांगांची प्रार्थना मोडतो. शटरचा आवाज गाणं चालू असताना खपून जातो, शांततेत खपत नाही.

ज्योत चौकटीत दिसलीच पाहिजे असंही नाही. सतराव्या शतकातला फ्रेंच चित्रकार जॉर्ज द ला तूर याची मेणबत्तीची चित्रं शोधून पाहा. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात त्याचं सुतारकाम करणाऱ्या योसेफाचं चित्र आहे. त्यात लहान येशूनं ज्योतीसमोर हात धरलाय आणि बोटांच्या कडा उजेडानं पारदर्शक झाल्यात. तुम्हीही अशा जागी बसा की ज्योत कुणाच्या तरी हाताआड किंवा खांद्याआड जाईल. झगझगीत ठिपका नाहीसा होतो आणि नजर थेट चेहऱ्यावर जाते.

फोनवाल्यांसाठी एवढंच: नाइट मोड अनेक फोटो एकत्र करून एक बनवतो, त्यामुळे हलणारी माणसं पुसट होतात. रिकाम्या, स्थिर वास्तूसाठी तो चालू ठेवा, माणसांसाठी बंद करा. चेहऱ्यावर बोट ठेवून फोकस बांधा आणि उजेडाची पट्टी खाली ओढा. १एक्स हीच मुख्य लेन्स वापरा, अंधारात बाकीच्या लेन्स बहुतेक वेळा कमी पडतात. आणि लेन्स पुसा. मेणबत्तीभोवती दिसणारं धुकट वलय बहुतेक वेळा बोटांच्या तेलाचं असतं.

रविवारच्या पहाटेबद्दल सांगण्याआधी चंद्राची गोष्ट, कारण ती फार थोड्या लोकांच्या लक्षात असते. पाश्चात्त्य चर्चमध्ये ईस्टरची तारीख २१ मार्च किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेपुढच्या रविवारी धरतात. ही पौर्णिमा चर्चच्या कोष्टकातली असली तरी आकाशातल्या पौर्णिमेच्या ती जवळच असते. म्हणून ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल या दरम्यानच येतो आणि पौर्णिमेला तोवर फार तर आठवडाभर उलटलेला असतो. याचा फोटोग्राफरसाठी अर्थ असा की ईस्टरच्या पहाटे, आकाश निरभ्र असेल तर, चंद्र वर असतोच. २०२६ मध्ये पौर्णिमा २ एप्रिलला आणि ईस्टर ५ एप्रिलला, म्हणजे चंद्र अजून बराच भरलेला आणि पश्चिमेकडे झुकलेला. २०२७ मध्ये पौर्णिमा २२ मार्चला आणि ईस्टर २८ मार्चला, म्हणजे चंद्र अर्ध्याहून थोडा मोठा आणि आकाशात बराच वर. ऑर्थोडॉक्स चर्चची गणना जुन्या ज्युलियन दिनदर्शिकेवर चालते, त्यामुळे त्यांचा ईस्टर बहुधा वेगळ्या रविवारी येतो.

पहाटेच्या उघड्यावरच्या उपासनेत सगळे पूर्वेकडे तोंड करून असतात, आणि फोटो काढणारेही सूर्याकडेच पाहतात. तुम्ही समोरच्या बाजूला, थोडं कडेला जाऊन उगवतीकडे पाठ करून उभे राहा. कोवळ्या उजेडातले चेहरे समोर येतात, आणि पौर्णिमा नुकती झालेली असेल तर त्यांच्या वर चंद्रही. ५० मिमी लेन्समध्ये चंद्र अगदी लहान येतो, सेन्सरवर जेमतेम अर्धा मिमी. त्याला मोठा करायच्या नादी लागू नका. एखाद्या झाडाच्या शेंड्यापाशी किंवा चर्चच्या क्रूसापाशी तो ठिपका ठेवला तरी पुरतो. सूर्योदयाच्या निदान पाऊण तास आधी पोहोचा. आकाश गडद निळं आणि खिडक्यांतले दिवे पिवळे, हा मेळ थोडाच वेळ टिकतो.

ईस्टर विषुवदिनाच्या जवळ येतो, याचाही फायदा आहे. मार्चअखेरचा ईस्टर असेल तर जगात जवळपास कुठेही सूर्य पूर्वेलाच उगवतो. एप्रिल संपत आला की तो थोडा उत्तरेकडे सरकलेला असतो. जुनी चर्च अनेकदा वेदी पूर्वेला ठेवून बांधलेली आहेत. त्यामुळे या दिवसांत सकाळचं ऊन वेदीमागच्या खिडकीतून सरळ मधल्या वाटेवर उतरू शकतं. फोनमधल्या होकायंत्रानं आदल्या दिवशी दिशा तपासून घ्या. धुपाचा धूर असेल तर उन्हाची तिरीप दिसते, पण ती उजेडाच्या दिशेनं तोंड करून आणि मागे काळोखी भिंत असेल तरच उठून दिसते.

आता अंड्यांकडे वळू. रंगवलेल्या अंड्यांची टोपली वरून टिपणं मला बिलकूल आवडत नाही. अंड्याचा गोलवा हेच त्याचं सौंदर्य, आणि वरून तो सपाट होतो. एक अंडं घ्या, एका बाजूला खिडकी असलेल्या खोलीत ठेवा आणि बाकीचे दिवे बंद करा. उजळ भाग, हळूहळू गडद होत जाणारी कड आणि टेबलावरून उलटून आलेला पुसट उजेड, सगळं एका अंड्यात दिसतं. सावलीच्या बाजूला पांढरा कागद उभा करा, मग काढून घ्या. फरक पाहा. हा पंधरा मिनिटांचा सराव माणसांचे चेहरे टिपतानाही कामी येतो.

आणि मुलांना सर्वांत आवडणारा प्रयोग हा. पुठ्ठ्याला नाण्याएवढं भोक पाडा, खाली फोनचा टॉर्च लावा, भोकावर अंडं ठेवा आणि खोली पूर्ण काळोखी करा. अंडं आतून नारिंगी उजळतं. कुक्कुटपालनात अंडी तपासायची हीच जुनी रीत आहे. दोन्ही टोकांना बारीक छिद्रं पाडून रिकामं केलेलं कवच सर्वांत सुंदर उजळतं आणि कवचावरची बारीक छिद्रं ठिपक्यांसारखी दिसतात. उकडलेलं अंडं घेऊ नका, त्यातून उजेड फार कमी येतो. कॅमेरा पुस्तकांच्या चळतीवर टेकवा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा. ख्रिस्ती परंपरेत अंडं बंद कबरीचं आणि तिच्यातून बाहेर येणाऱ्या जीवनाचं प्रतीक आहे. हा अर्थ आतून उजळलेल्या एका अंड्यात जितका उतरतो तितका भरलेल्या टोपलीत उतरत नाही.

रंगवण्याचे फोटो काढताना रंगाचे काचेचे पेले खिडकीत ठेवा आणि उजेड मागून येऊ द्या. पेल्याच्या पातळीला खाली बसा. रंगाच्या पाण्यात व्हिनेगर घातलं असेल तर कवचातल्या कॅल्शियम कार्बोनेटशी त्याची प्रक्रिया होऊन बारीक बुडबुडे उठतात. अंडं पाण्यात सोडल्यावर जरा वाट पाहिली की त्या बुडबुड्यांनी मढलेलं अंडं जवळून टिपता येतं. आणि अंडी वाळत ठेवल्यावर मुलांच्या बोटांचा फोटो विसरू नका. निळी-पिवळी झालेली नखं त्या दुपारबद्दल अंड्यांपेक्षा जास्त सांगतात.

अंडी शोधण्याच्या खेळात तुमच्या हातात एक मोठी गोष्ट आहे, जी फोटो काढणाऱ्याला एरवी कधीच मिळत नाही. अंडी कुठे लपवायची हे तुम्ही ठरवता, म्हणजेच मूल कुठे थांबणार, कुठे वाकणार आणि कोणत्या दिशेला पाहणार हेही तुम्हीच ठरवता. आधी उजेड बघा, मग लपवा. मुलाच्या पाठीमागून ऊन येईल आणि मागे गर्द झुडूप असेल अशी जागा शोधा. केसांना उजळ कड मिळते आणि डोळे मिचकावले जात नाहीत. मागे उभ्या गाड्या, वाळत घातलेले कपडे दिसतील अशा ठिकाणी अंडं ठेवूच नका. खेळ सुरू होताच जी पळापळ होते तिच्या मागे लागू नका, त्यात पाठीच येतात. एका अंड्यापाशी पोटावर झोपा, फोकस आधीच बांधा, १/५०० किंवा त्याहून वेगवान शटर ठेवा आणि थांबा. किंवा फोन गवतात अंड्याच्या मागे टेकवून व्हिडिओ चालू ठेवा. अंड्याच्या जागेवरून दिसणारा मुलाचा वाकलेला चेहरा आणि पुढे येणारा हात, हा फोटो उभ्यानं कधीच मिळत नाही.

सशाचे कान मुलांना आवडत असतील तर असू द्या. फक्त ते घातलेले टिपण्यापेक्षा खेळ संपल्यावर खुर्चीवर लटकलेले किंवा झोपलेल्या मुलाच्या हातातले टिपून पाहा.

पांढऱ्या लिली आणि पांढरे कपडे कॅमेऱ्याला फसवतात. तो पांढऱ्याला राखाडी समजून फोटो काळपट करतो. पांढऱ्यानं चौकट भरलेली असेल तर एक्स्पोजर +१ पर्यंत वाढवा आणि हिस्टोग्रामचा, म्हणजे पडद्यावरच्या उजेडाच्या आलेखाचा, उजवा काठ तुटत नाही ना ते बघा. काळोख्या भिंतीपुढे एकच लिली असेल तर उलट, कमी करावं लागतं. दक्षिण गोलार्धात ईस्टर शरद ऋतूत येतो. तिथे वसंताची फुलं ओढूनताणून आणण्यापेक्षा पिकल्या पानांतला उजेड कितीतरी खरा वाटतो.

दोन प्रयोग आणखी करून पाहा. हातात मेणबत्त्या घेतलेली मिरवणूक असेल तर कॅमेरा कठड्यावर टेकवून शटर १ ते २ सेकंद उघडं ठेवा. माणसं विरतात आणि ज्योतींच्या रेघा उरतात. रांगेतलं कुणी थबकलं की त्याचा चेहरा रेघांमध्ये स्पष्ट राहतो, तो फोटो ठेवावा. दुसरा प्रयोग दुहेरी एक्स्पोजरचा. तुमच्या कॅमेऱ्यात सोय नसली तर फोनच्या एखाद्या ॲपवर जमेल. उजळ आकाशापुढे एखाद्याची काळी बाह्याकृती घ्या आणि त्यावर फुलांचा दुसरा फोटो चढवा. दुसरं चित्र काळ्या भागातच उमटतं, म्हणून पहिला फोटो जितका ठाम काळा-पांढरा तितका परिणाम चांगला.

कुटुंबाचा एकत्र फोटो हवाच. तो जेवणाआधी काढा, नंतर कपडे आणि उत्साह दोन्ही चुरगळतात. सावलीत उभं करा, एफ/५.६ ते एफ/८ ठेवा, नाहीतर मागची रांग अस्पष्ट येते. ‘झालं’ म्हणा आणि कॅमेरा डोळ्याला तसाच ठेवा. लोक सैल होतात, एकमेकांकडे वळतात, तेव्हा दोन-तीन फोटो आणखी घ्या.

शुक्रवारी रडणारी, गुडघे टेकून बसलेली माणसं दिसतील. त्यांचे चेहरे जवळून टिपू नका, पाठमोरी आकृती किंवा जोडलेले हात पुरतात. दुसऱ्यांच्या मुलांचे फोटो त्यांच्या आई-वडिलांना विचारल्याशिवाय कुठेही टाकू नका आणि टाकण्याआधी फोटोतली जागेची माहिती काढून टाका.

सोमवारी सगळे फोटो संगणकावर उतरवा, दुसऱ्या ठिकाणी एक प्रत ठेवा आणि मगच कार्ड रिकामं करा. निवड करताना प्रत्येक दिवसाला तीन-चार फोटोच द्या. रविवारचे फोटो जास्त असतील, तरी त्यांना जास्त जागा देऊ नका. एडिटिंगमध्ये शनिवारच्या फोटोंतल्या सावल्या वर ओढण्याचा मोह होईल, ॲपचं ‘ऑटो’ बटण तर पहिल्यांदा तेच करतं. ते दाबू नका. गुरुवार ते रविवार फोटो ओळीनं लावून पाहा आणि उजेड पायरीपायरीनं वाढतोय ना, एवढंच तपासा. मधेच एखादा फोटो फार उजळ वाटला तर तो थोडा उतरवा किंवा वगळा.